न थांबण्याची पाटी

सरकारी हुकूम मोडायला लावण्यात आमच्या पेंटरचाचांचा हात धरणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडणार नाही. मूल गावच्या बाजारात त्यांचं दुकान. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं, पण हाताची खोड गेली नाही. पंक्चरवाल्याच्या भिंतीवर त्यांनी पानगळीतला साग काढला. "चाचा, टायर कुठी हाय?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, "झाडामागं ठेवला. पाऊस लागते न त्याले." राईस मिलच्या फाटकावर असं धान रंगवलं की शेळ्या हाकलायला वेगळा माणूस ठेवावा लागला. डब्यातला रंग जसाच्या तसा लावणं त्यांना पाप वाटे. जंगलातून पान आणायचं, रंगाशेजारी धरायचं, मान हलवायची, पुन्हा पिवळा मिसळायचा. यात दुपार व्हायची.

अशा माणसाला वनखात्याकडून वाघाच्या धोक्याच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं. आमच्या गावाहून मूलला येताना जंगलाचं एक वळण लागतं. तिथे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'वाघाचा वावर. इथे थांबू नका.' पण अक्षरांमागची रिकामी जागा त्यांना बघवेना. मग तिथलंच जंगल त्यांनी पाटीवर उतरवलं. बांबूची रांजी, म्हणजे दाट बेट, तांबूस पालापाचोळा, ओढ्याकडे उतरणारी पायवाट, मोहाचं वाकडं झाड. वाघ तेवढा काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दिसला असता तं पाटी कायले लागली असती?"

झालं असं की जिथे पूर्वी कोणी थांबत नव्हतं, तिथे आता सगळेच थांबू लागले. कॉलेजला जाताना मीही सायकल उभी करायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पण चित्र कसं पाहायचं, हे मला त्या पाटीनं शिकवलं.

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी माय टोपली घेऊन माझ्याबरोबर निघाली. पाटीपाशी ती थांबली. "अवं पोरी, हे तं आपलं मोहाचं झाड!" तिनं झाडावर बोट ठेवलं. एवढ्यात वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळं गप्प. पाटीमागच्या खऱ्या रांजीच्या बुडाशी पालापाचोळा हलला आणि त्यातून आधी कान, मग डोळे दिसले. वीस पावलांवर. मायचं बोट पाटीवरच राहिलं.

"पाठ नोको दाखवू," ती ओठ न हलवता म्हणाली.

सायकल मध्ये धरून आम्ही एकेक पाऊल मागे सरकत गेलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मागून एक ट्रॅक्टर खडखडत आला, तेव्हा कुठे तो उठला आणि घाई न करता ओढ्याकडे उतरला. ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला मूलला पोचवलं.

मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई थांबल्या कायले?"

"चित्र पाहाले, चाचा."

दुपारी आम्ही परतलो, तेव्हा वळणावर दोन माणसं काठ्या घेऊन पहारा करत होती आणि चाचा शिडीवर होते. हातात डब्यातला पिवळा, काही न मिसळलेला.

"भाऊ, नोका मिटवू जी!" माय कळवळली. "एवढं सोन्यासारखं..."

"बाई, तुमी थांबल्या ना, म्हनूनच मिटवून राह्यलो."

रांजी गेली, पायवाट गेली. मोहाच्या झाडाशी ब्रश जरा अडखळला, मग तेही गेलं.

आता मी धानोऱ्याला शिकवते. गावी गेले की चाचांच्या दुकानात डोकावते. ते हातातलं गिऱ्हाईक सोडून आधी विचारतात, "पाटीपाशी कोनी थांबते का वं?"

"नाई चाचा. कोनी पाह्यतबी नाई."

"मंग चांगली जमली," ते म्हणतात, आणि स्वच्छ झालेला ब्रश बराच वेळ पुसत राहतात.