उजव्या खिशातले खडे

सॉफ्टबॉलचे आमचे प्रशिक्षक मैदानात उतरत, तेव्हा त्यांच्या करड्या कोटाच्या डाव्या खिशात ऐंशी खडे असत. वाटाण्याएवढे, आणि बोटांच्या वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेले. पिचरने एक चेंडू फेकला की एक खडा डाव्या खिशातून निघून उजव्या खिशात जाई. डावा खिसा रिकामा झाला की पिचर बाहेर. मग सामना कोणत्याही वळणावर असो, प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेले असोत, मुलगी रडो वा हातापाया पडो. निर्णयात तीळमात्र फरक पडत नसे.

मुली त्यांना समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'खडेसर'. घरी कपडे धुताना त्यांच्या पत्नी म्हणत, "अहो, हा कोट आहे की खाण? शिंप्याला सांगा, पुढच्या वेळी खिशांना चामड्याचं अस्तर लाव." त्यावर सर हसत. कागदावर रेघा का ओढत नाही, असे मी, महाविद्यालयातला त्यांचा सहकारी, एकदा त्यांना विचारले. ते म्हणाले, "रेघेशी वाद घालता येतो. एखादी जास्त पडली असेल, असं म्हणता येतं. रिकाम्या खिशाशी वाद घालता येत नाही."

चौतीस वर्षे त्यांनी आमच्या महाविद्यालयाच्या मुलींचा संघ घडविला. एकोणीस अजिंक्यपदे मिळविली. प्रारंभी या खेळाचे त्यांना काहीच ज्ञान नव्हते; ते मूळचे धावपटू. नियमांचे एक जीर्ण पुस्तक आणि चार ग्लोव्ह, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आरंभ केला. पहाटे स्वतः दोरी धरून चुन्याने मैदान आखीत. सराव सुरू होण्यापूर्वी सगळ्या मुलींना डोळे मिटून बसवीत आणि पिचरला चेंडू टाकायला सांगत. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू विसावण्याचा तो आवाज ऐकून प्रत्येकीने सांगायचे, फेक कशी होती. "चांगली फेक डोळ्यांना मागाहून दिसते, कानाला आधी कळते," हे त्यांचे सूत्र. मुलींबरोबर स्वतःचेही जे कान त्यांनी असे तयार केले, ते पुढे त्यांच्याच जिवावर उठतील, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

कारण सरांना एक थाप ऐकू येई. दुपारी चारच्या सुमारास, मैदान रिकामे असताना, ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीवर चेंडू आदळल्याची थाप. एक, मग अवकाश, मग दुसरी. त्या भिंतीचा गिलावा गुडघ्याच्या उंचीवर ताटाएवढ्या वर्तुळात उडालेला आहे. बावीस वर्षांपूर्वी एक मुलगी रोज तिथे एकटी चेंडू मारीत असे, त्याची ती खूण. योगशास्त्रात आघातावाचून उमटणाऱ्या नादाला अनाहत म्हणतात आणि तो ऐकू येणे हे भाग्याचे लक्षण मानतात. सरांच्या वाट्याला आलेला अनाहत नाद भाग्याचा नव्हता. चार वाजले की बोलता बोलता ते थांबत, मान किंचित कलती करीत, आणि थोड्या वेळाने "काय म्हणत होतो मी?" असे विचारीत. मी कधी काही ऐकले नाही. मात्र त्यांच्या शेजारी बसून मीही कान देऊ लागलो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ती मुलगी डावखुरी होती. संघात तिला 'डावरी' म्हणत. सॉफ्टबॉलमध्ये पिचर आपला हात खांद्याभोवती चक्रासारखा फिरवून चेंडू कमरेच्या खालून सोडते. या खेळातल्या जाणत्या मंडळींचा तेव्हा एक दृढ समज होता, की खालून फेकणारा हात थकत नाही. कितीही चेंडू टाकावेत. सरांचाही तोच समज होता. शिवाय त्यांचे एक तत्त्वज्ञान होते. प्रत्येक खेळाडू आपल्या देहाचा स्वामी आहे, त्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेणे हा अधिक्षेप आहे, असे ते मानीत. म्हणून त्यांनी पिचरसाठी एक संकेत ठरविला होता. "मी तुला कधीही काढणार नाही. थांबावंसं वाटलं, तर चेंडू टाकणारा हात टोपीच्या टोकाला लाव. मी काही विचारणार नाही. लगेच बदलीन." आणि ओरडून सांगायचे नाही, प्रतिस्पर्ध्याला दुखणे कळता कामा नये.

त्या वर्षी पावसाने दोन दिवस वाया गेले आणि एकाच दिवशी तीन सामने खेळावे लागले. तिन्ही सामन्यांत डावरीनेच चेंडू टाकले. तिसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात ती पुन्हा पुन्हा हात छातीशी नेऊन सदऱ्याला पुशीत होती. सर बाहेरून ओरडले, "घाम पुसत बसू नकोस पोरी, टाक!" तिने टाकले. संघ जिंकला, सरांचे ते पहिले अजिंक्यपद. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये डावरीची वेणी दुसरी मुलगी घालीत होती. पुढच्या आरशात ते पाहून सर म्हणाले, "वा! राणीसाहेबांचे लाड चाललेत." सगळी बस हसली. तीही हसली.

तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

शिक्षण संपल्यावर तिला आमच्याच ग्रंथालयात नोकरी लागली. कालांतराने ती ग्रंथपाल झाली. वरच्या फळीवरचे जाडजूड ग्रंथ एका हाताने उतरविण्याजोगे नसतात. कोणी मागितले की ती एक लाकडी स्टूल सरकवून शांतपणे म्हणे, "तुम्हीच काढता का?" बावीस वर्षे सर ग्रंथालयाची पायरी चढले नाहीत. त्यांना हवे असलेले पुस्तक चिठ्ठीवर लिहून मजजवळ देत. ती चिठ्ठीवरचे अक्षर ओळखी, पुस्तक देई, आणि काही बोलत नसे. वाटेत दोघे समोरासमोर आलेच, तर ती नमस्कार करी. उजव्या हाताने, कपाळाला लावून.

खडे आले ते त्या घटनेनंतर. त्याबरोबर तत्त्वज्ञानही उलटे झाले. "पिचरला विचारू नये," असे सर आता तरुण प्रशिक्षकांना सांगत. "पिचर नेहमी हो म्हणते. विचारणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं." खडे संपल्याने त्यांनी दोन अंतिम सामने गमावले. व्यवस्थापन समितीत कोणी तरी म्हणाले, सरांच्या खिशात खडे आहेत की डोक्यात? सरांनी तो प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. मात्र मूळ प्रसंगाविषयी ते कोणत्याही मुलीशी कधी बोलले नाहीत. मुलींच्या दृष्टीने खडे ही एका वृद्ध गुरूची लहर होती.

निवृत्तीच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. पिचर होती 'चिमणी': नावाप्रमाणे लहानखुरी, पण हात फिरू लागला की चेंडू दिसेनासा होई. कॅचर होती 'काकू'. वय एकोणीस, परंतु सगळ्या संघाला अशी दटावी की पहिल्या महिन्यातच तिला हे नाते बहाल झाले होते. सरांना विसावे अजिंक्यपद देऊनच निरोप द्यायचा, असा काकूचा पण होता. आणि चिमणीला ऐंशी चेंडू पुरणार नाहीत, हेही तिला कळत होते.

सामन्यापूर्वी सर कोट खुंटीला अडकवून पंचांकडे सह्या करायला गेले. त्या पाच मिनिटांत काकूने मैदानाच्या कडेचे वीस खडे वेचून त्यांच्या डाव्या खिशात टाकले.

शेवटची इनिंग आली. आमचा संघ एका धावेने पुढे होता. प्रतिस्पर्ध्यांचे दोन गडी बाद झाले होते, दोघी धाव पुरी करायला बेसवर, म्हणजे वाटेतल्या तळांवर, उभ्या होत्या; एकच गडी बाद करायचा होता. सरांनी खिशात हात घातला, आणि बोटांना काही तरी टोचले. त्यांनी तो खडा बाहेर काढला. तांबूस, धारदार, कडेला ओली माती. बावीस वर्षांत असा खडा त्यांच्या खिशात नव्हता. त्यांनी दोन्ही खिसे बाकावर रिते केले. गुळगुळीत एका बाजूला, खरबरीत दुसऱ्या बाजूला. खरबरीत वीस, आणि डाव्या खिशात उरलेले नऊच: ऐंशीची मर्यादा अकरा फेकींपूर्वीच ओलांडली गेली होती; खेळाच्या भरात आधीचे खरबरीत खडे बोटांना कळलेच नव्हते.

सर खेळ थांबवून मैदानाच्या मध्यावर गेले. बावीस वर्षांपूर्वी जो रंग त्यांच्या चेहऱ्यावर यायला हवा होता, तो आता आला होता.

"चेंडू दे."

"का सर?" चिमणी म्हणाली. "एकच तर राहिलीय! हात ठणठणीत आहे माझा, आईशप्पथ."

"असेल. चेंडू दे."

"एक फेक, सर. फक्त एक."

"प्रत्येक वेळी एकच असते पोरी. चेंडू दे."

काकू धावत आली. तिने सरांच्या तळहातावरचा तांबूस खडा पाहिला आणि तिचे तोंड पांढरे पडले. "सर, मी... तुमच्यासाठी केलं."

"ते नंतर. मास्क घाल आणि जागेवर जा."

बदली पिचरच्या दुसऱ्याच चेंडूवर टोला बसला. बेसवरच्या दोन्ही मुली धावत शेवटच्या तळावर पोहोचल्या, दोन धावा झाल्या. सामना गेला, विसावे अजिंक्यपद गेले. सरांनी नेहमीप्रमाणे विजेत्या प्रशिक्षकाशी हस्तांदोलन केले. कोटाचे खिसे रिकामे होते. ते कोणाला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुली जिथे उतरल्या होत्या त्या विश्रामगृहाच्या मार्गिकेत सर खुर्ची टाकून बसले होते. काकू चहाचा पेला घेऊन खाली मान घालून आली. सर म्हणाले, "चहा राहू दे. आत जा, आणि चिमणी केस विंचरतेय का ते बघून ये. स्वतः विंचरतेय का, नीट बघ."

काकूला काही उमजेना. तरी ती गेली. बंद दाराकडे पाहत सर बसून राहिले. ती दोन मिनिटे त्या बावीस वर्षांहून दीर्घ होती, असे ते पुढे मला म्हणाले.

काकू बाहेर आली. "विंचरतेय, सर. दोन्ही हातांनी. वेणी मनासारखी होईना म्हणून आरशाशी भांडतेय. आणि माझ्याशी बोलत नाहीये."

सरांनी डोळे मिटले. मग समोरच्या पायरीवर काकूला बसवून त्यांनी तिला सारे सांगितले: तीन सामने, टोपीचा संकेत, बस, वेणी. आयुष्यात प्रथमच. काकूचे डोळे भरून आले. पण स्वभाव कुठे जातो? नाक पुशीत ती म्हणाली, "पण सर, मग त्या ताईंनी टोपीला हात का नाही लावला?"

या प्रश्नाचे उत्तर सरांनी मनाशी शंभर वेळा दिले होते: अभिमान, जिद्द, गुरूविषयीचा आदर. पण जिने ते द्यायचे, तिला त्यांनी कधी विचारलेच नव्हते. पिचरला विचारू नये, हे सूत्र किती सोयीचे होते!

परतल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी, सर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढले. मी खिडकीशी वाचीत बसलो होतो. मला पाहूनही त्यांनी पाहिले नाही. ते सरळ तिच्या मेजापाशी गेले.

ती उठून उभी राहिली. "या सर. चिठ्ठी नाही आणलीत?"

"पुस्तक नकोय." ते म्हणाले. "एक विचारायचंय. फार उशीर झालाय."

"विचारा ना."

"तू टोपीला हात का नाही लावलास?"

तिने हातातली लेखणी खाली ठेवली. तिच्या मुद्रेवर रोष नव्हता, आश्चर्य होते. "लावत होते की, सर."

"कधी?"

"तिसऱ्या सामन्यात. चार वेळा. हात झोकात फिरवला की फिरायचा. पण हळू उचलायला गेलं की वर जाईचना. उजव्या हातात ग्लोव्ह होता, आणि तुम्ही सांगितलं होतं, चेंडूचाच हात लावायचा. दुसरी कुठली खूण ठरलीच नव्हती." तिने डावा हात उचलला. तो सावकाश वर आला आणि छातीपाशी थांबला. "इथपर्यंत यायचा."

सर त्या हाताकडे पाहत राहिले. घाम पुसत बसू नकोस, पोरी. ते शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. पण त्या खोलीत ते उमटले, असे मला वाटले. थांबायचा संकेत थकलेल्या हातानेच करायचा, असा नियम एका सहृदय माणसाने आदरापोटी केला होता, आणि तो हात थकल्यावर वर कसा जाईल, एवढेच तेवढे त्याला सुचले नव्हते.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला दिसलं होतं."

बावीस वर्षे ती हे उराशी धरून भेटतील तेव्हा त्यांना नमस्कार करीत होती.

"हो पोरी," सर म्हणाले. "दिसलं होतं. कळलं नाही." आणि समोरच्या खुर्चीत ते बसले नव्हे, कोसळले. ती पाणी आणायला गेली.

आता सर निवृत्त आहेत. नव्या प्रशिक्षकाला त्यांनी ऐंशी खडे दिले, पण सोबत बजावले, "खडे मोजताना मान खाली जाते. खाली बघू नकोस." रोज चारला ते ग्रंथालयात येतात आणि वरच्या फळीवरचे परत आलेले ग्रंथ स्टुलावर चढून जागी लावतात. ती खालून एकेक ग्रंथ देते, छातीपर्यंत उचलून. पुढचे अंतर सर वाकून संपवितात. "पडाल हं सर," ती म्हणते. "मग तुमच्या मागे मी कुठून आणू बदली?"

थाप अजून ऐकू येते का, असे मी परवा विचारले. सर स्टुलावर उभे होते. त्यांनी मान कलती केली, भिंतीच्या दिशेने, आणि बराच वेळ ऐकले.

"येते," ते म्हणाले. आणि पुढच्या ग्रंथासाठी खाली हात पुढे करून थांबले.