दत्तोबांनी पसंत न केलेली काशी

"गुरुजी, आबा गेले," दत्तोबांच्या मुलाने, संतोषने, दूरध्वनीवर सांगितले. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी कोळवणला दत्तोबांच्या ओसरीवर बसलो होतो. मुलाचा मोबाईल डोळ्यांजवळ धरून ते काशीच्या एका यात्रीनिवासाचे छायाचित्र निरखीत होते. शेवटी मान हलवून म्हणाले, "खिडकी दाखवलीया, खिडकीतनं काय दिसतं ते न्हाई दाखवलं. हितं काय तरी हाय, गुरुजी." असे त्यांनी नाकारलेले हे कितवे निवासस्थान, याची गणती मी केव्हाच सोडली होती...

मी जवळच्याच भरे गावी राहून मुलांना संस्कृत शिकविले. दत्तोबांनी कोळवणात भात पिकविला. संसाराची ओझी उतरल्यावर दर हिवाळ्यात दोन-तीन दिवस एखादे शहर पाहून यावे, असा आमचा परिपाठ पडला. माझी अपेक्षा अल्प असे. प्रातःसंध्येपुरते स्वच्छ पाणी आणि देव मांडता येईल असा कोपरा. तो शोधण्याचे काम दत्तोबांचे. त्यांचा संशय निराधार नव्हता. घरामागच्या दोन खोल्या ते पुण्याच्या पाहुण्यांना भाड्याने देत, आणि सून छायाचित्रे काढू लागली की शेजारचा गोठा टिपला जाऊ नये म्हणून स्वतः तिच्यामागे उभे राहत. "आपल्या फोटूत गोठा हाय का? मंग त्यांच्या फोटूत काय काय नसंल," हा त्यांचा युक्तिवाद.

कोणत्याही गावी उतरलो की सामानासह मला लॉजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसवून ते टपरीवाल्याला विचारीत, तुमचा जावई आला तर त्याला या लॉजात उतरवाल का? उज्जैनला त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीतला हा प्रश्न ऐकून टपरीवाला पोट धरून हसला, आणि दुकान सोडून आम्हांला स्वतः पलीकडच्या गल्लीत घेऊन गेला. तेथे माझी संध्या विनाव्यत्यय झाली. तरीही दत्तोबांनी खोलीचे कुलूप काढून आपल्या पिशवीतले पितळी कुलूप लावलेच. लॉजवाल्यांकडे दुसरी किल्ली असते, हे त्यांचे मत अढळ होते. म्हैसूरला मार्गदर्शकाला वाटेला लावून त्यांनी रिक्षावाल्याला विचारले की, तू आपल्या पोरांना काय दाखवतोस? त्यामुळे राजवाड्याआधी आम्ही फुलबाजार पाहिला. जाईच्या टोपल्यांमध्ये मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे.

त्याच उज्जैनच्या मुक्कामात, क्षिप्रेच्या पायऱ्यांवर बसून मी म्हणालो होतो, "आता एकदा काशी. विश्वेश्वराचे दर्शन घडावे, आणि मग परत येणे नसावे." पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. दत्तोबा "बघू की" एवढेच म्हणाले.

त्यानंतर काशीचे प्रत्येक निवासस्थान सदोष ठरू लागले. कोठे जिना अंधारा, कोठे व्यवस्थापक फार गोड बोलणारा, कोठे घाट "लई जवळ". पुढे पुढे मलाच त्यांच्याविषयी शंका येऊ लागली. यांची श्रद्धा उणावली काय? की माझे सोवळे-ओवळे आता जड वाटते? विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

तेराव्यानंतर दत्तोबांच्या पत्नीने, पारूवहिनींनी, मला माजघरात बोलावले. "येक बी लॉज वाईट नव्हतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनला व्हता ना, काशीतनं परत यायाचं न्हाई. मी म्हनलं, आवो, बोलत्यात मानसं तसं. तर म्हनायचे, गुरुजी खोटं बोलत न्हाईत. त्यांना तितं सोडून मी येकल्यानं गाडीत बसू व्हय?"

भक्तीच्या भरात निघालेले ते उद्गार. ऐकणाऱ्याने त्यांना प्रतिज्ञा मानले, आणि इतकी वर्षे जगातल्या साऱ्या लॉजवाल्यांवर आळ घेत मला इकडे थोपवून धरले...

दत्तोबांच्या अस्थींचा काही अंश गंगेत सोडण्यासाठी संतोष काशीला निघाला आहे. मीही यावे, असा त्याचा आग्रह. त्याने मोबाईल पुढे केला. तेच यात्रीनिवास, तीच खिडकी. मी म्हणालो, "खोलीचे मागाहून पाहू. आधी माझे परतीचे तिकीट काढ."

लॉजच्या खोलीला लागेल म्हणून वहिनींनी पितळी कुलूप माझ्या हाती दिले. ते सध्या माझ्या देवघरात आहे. पत्नी गेल्यापासून माझ्या घराला नुसती कडी असते. निघायच्या दिवशी मात्र हे कुलूप मी माझ्याच दाराला लावणार आहे. किल्ली कोळवणला, पारूवहिनींकडे राहील.