इथे शिकवलं जात नाही

काही ऑफिसांत फायली साठतात. आईच्या ऑफिसात किस्से साठतात. मी तिथे रोज शाळा सुटल्यावर आईची वाट पाहत कोपऱ्यात बसते. बोलत फारशी नाही, त्यामुळे ऐकू सगळं येतं.

ऑफिस मालाडला, एका चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. विद्यापीठ मात्र परराज्यातलं. त्याला ऑनलाइन पदवी देशभर कुणालाही देता येते, पण स्वतःच्या राज्याच्या हद्दीबाहेर वर्ग भरवता येत नाहीत. म्हणून मालाडच्या ऑफिसात फक्त माहिती द्यायची आणि फॉर्म भरून घ्यायचे. शिकवायचं काहीही नाही.

हा नियम पाळला जातो की नाही हे बघायला सावंतकाका आहेत. मूळचे कणकवलीचे. त्यांना हा नियम झोपेतसुद्धा पाठ असावा.

*

मागच्या वर्षी बोर्डवाल्याने हौसेने मोठा बोर्ड करून आणला. विद्यापीठाचं नाव आणि खाली लाल अक्षरांत 'स्टडी सेंटर'.

सावंतकाका जिन्यातच खाली बसले. "अरे, सेंटरच तर काढायचं नाही आपल्याला! हे तू सगळ्या मालाडला वाचायला देतोस?"

बोर्ड पाठमोरा करून मागच्या खोलीत गेला. त्याच्या जागी काकांनी स्वतः कागद चिकटवला: 'येथे शिकवले जात नाही.'

दुसऱ्या दिवशी एक बाई वर आल्या, कागद दोनदा वाचला आणि आईला म्हणाल्या, "बरं झालं बाई, खरं लिहिलंत. माझ्या मुलाच्या कॉलेजने अजून कबूल केलं नाही."

*

खुर्च्यांचाही नियम आहे. काका म्हणतात, चार खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून दिसल्या की बघणाऱ्याला तो वर्गच वाटतो. म्हणून आमच्याकडे वाट बघणारी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

फोन घेणारा प्रशांतदादा सांगतो की या खुर्च्यांमुळे एक लग्न जमलं. मुलाची आई आणि मुलीची आई फॉर्म भरायला आल्या होत्या. पाऊण तास दुसरीकडे कुठे बघताच आलं नाही.

काका एवढंच म्हणाले, "त्याला बंदी नाही. मी वाचलंय."

*

खारदांड्याहून एक मावशी आल्या. मुलीला नर्सिंग करायचंय, घरबसल्या, ऑनलाइन.

काकांनी शांतपणे सांगितलं, "नर्सिंग ऑनलाइन चालत नाही, मावशी. परवानगीच नाही."

"मग बाकीच्या दोन ठिकाणी हो कसं म्हणाले?"

"त्यांना विचारा, सुई मोबाइलमधून टोचणार काय."

मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "तुम्ही पहिलेच बघा नाही म्हणणारे. मग दुसरं काय चालतं ते सांगा."

त्या मुलीने नंतर बी.कॉम.ला नाव घातलं. त्याच कोर्सला माझी आईसुद्धा आहे.

*

हे आता सांगायलाच हवं. आईने लग्नानंतर शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं. लातूरहून मुंबईला आली, मग मी झाले आणि ते राहूनच गेलं. आता तिचं शेवटचं सत्र सुरू आहे. पदवी मिळाली तर ऑफिसात तिला वरची जागा मिळेल. नाही मिळाली तर समोरच्या टेबलावर नवीन कोणीतरी येईल आणि आई त्याला मॅडम किंवा सर म्हणेल.

कोर्सला मान्यता आहे की नाही, याची यादी सरकारी वेबसाइटवर असते. आई रोज सकाळी चहा उकळताना ती उघडून बघते. एक दिवस पान उघडलंच नाही. चहा उतू गेला, गॅस विझला आणि आई मोबाइल धरून तशीच उभी. मी शेगडी पुसली. सातव्या वेळेला पान उघडलं. विद्यापीठाचं नाव होतं.

"आहे गं," आई म्हणाली, आणि मग तिला चहाचा वास आला.

*

दिवाळीनंतर कोणीतरी तक्रार केली की आमच्याकडे चोरून वर्ग भरतात. तपासणी होणार असं पत्र आलं. काका म्हणाले, "तक्रार खरी ठरली तर मान्यता थांबेल. परीक्षासुद्धा लटकेल."

आईची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

तेव्हापासून काका माझ्याही वहीत डोकावायला लागले. एकदा प्रशांतदादा मला भूमितीतलं प्रमेय समजावत होता. काका धावत आले. "काय गो, काय चाललंय? जिन्यात जाऊन शिका दोघं!"

दहावीचं अर्धं प्रमेय मी जिन्यात उभं राहून समजून घेतलंय.

*

तपासणी सोमवारी होती. त्याआधीच्या शनिवारी ऑफिस दुपारी बंद झालं. आईला सांख्यिकी काही केल्या जमत नव्हती. मध्यक मला काढता येतो, दहावीला आहे तो. मागच्या खोलीतला तो पाठमोरा बोर्ड आम्ही टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. मागची बाजू पांढरी, छान लिहिता येत होतं. आई खुर्चीवर, मी मार्कर घेऊन उभी. काका हिशेबाचे कागद लावत बाहेर होते. त्यांना आम्ही दिसतच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दार वाजलं. तपासणीचे साहेब. सोमवारी त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

काका त्यांच्याआधी मागच्या खोलीत शिरले आणि दोन्ही हातांनी बोर्डाच्या कडा धरून उभे राहिले. तो जरा फिरला असता तर मागचं लाल 'स्टडी सेंटर' समोर आलं असतं.

साहेब दारात थांबले. "इथे कोण शिकवतं?"

मी हात वर केला.

"आणि विद्यार्थी?"

आईने हात वर केला. "मी, साहेब. ही माझी मुलगी. माझी परीक्षा आहे."

साहेबांनी खोलीभर बघितलं. एक खुर्ची, एक टेबल, आम्ही तिघं. मग ते बोर्डाजवळ आले आणि आकडे वाचू लागले. खूप वेळ वाचले. माझ्या हातातला मार्कर घेऊन त्यांनी एक आकडा खोडला.

"इथे संचित वारंवारता आधीच्या ओळीतली घ्यायची. याच ओळीतली नाही. हं, आता करा, ताई."

काकांना राहवलं नाही. "साहेब, माफ करा. इथे शिकवायला परवानगी नाही."

साहेबांनी मार्करला टोपण लावलं. खिशातून फॉर्म काढून टेबलाच्या कडेवर ठेवला. 'वर्ग भरताना आढळले का' या ओळीसमोर 'नाही' लिहिलं आणि सही केली.

"आलं का उत्तर?" त्यांनी आईला विचारलं.

"सव्वीस," आई म्हणाली.

"बरोबर."

दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "सावंत, आता सोडा तो बोर्ड."