कुंदाताईंची उमरेड गाडी

कुंदाताई मेश्रामांना कुणीही हाक मारली की त्या आधी "हं, बोला" म्हणायच्या. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी टेलिफोनवर काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते दोन शब्द त्यांच्या तोंडून गेले नव्हते. माझ्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलेल्या चार ओळी चालेनात. पडद्यावर लाल अक्षरं आली. शेजारची पोरं अशा वेळी "सर, एरर!" म्हणून ओरडत आणि हात वर करून बसत. कुंदाताईंनी चष्मा नीट केला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं, बोला. काय झालं?" मग त्यांनी ती सगळी लाल अक्षरं बोट ठेवून वाचली आणि ओळीच्या शेवटी राहून गेलेला अर्धविराम स्वतःच शोधून काढला.

मानेवाडा रोडवर एका किराणा दुकानाच्या वर माझा संगणकाचा क्लास होता. त्या पहिल्यांदा जिना चढून आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे टायपिंग आणि टॅलीची फी सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"टायपिंग येते मले. प्रोग्रामिंग शिकाचं आहे."

"कशासाठी ताई?"

"गेम कराचा आहे. चित्राचा नाही. लिहिलेला."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. त्यांचे यजमान दादाराव एसटीत ड्रायव्हर होते. नागपूर–उमरेड रस्त्यावर त्यांची बरीच वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण शब्द जागेवर येत नव्हते. पाणी हवं असलं की ते "खिडकी" म्हणत, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांचं त्यांनाच लगेच कळे. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम त्यांच्यापुढे चित्रांचे पत्ते ठेवत, आंबा, घर, मांजर. एक दिवस दादारावांनी डाव्या हाताने सगळे पत्ते टेबलावरून खाली लोटले.

"बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, मी काय बालवाडीत आहो का," कुंदाताई म्हणाल्या. "त्यांनी म्हटलं नाही, म्हणून मी म्हणून राहिली."

त्यांची भाची इंजिनियरिंगला होती. ती सुट्टीत घरी आली तेव्हा लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी खेळ खेळत होती. पडद्यावर लिहून येई, तुम्ही एका गुहेत उभे आहात, समोर दार आहे, काय करता? आपण दोन शब्दांत उत्तर द्यायचं, 'दार उघड', की पुढची गोष्ट सुरू. कुंदाताई मराठीत सांगत होत्या आणि टीव्हीकडेही न पाहणारे दादाराव खुर्ची सरकवून जवळ आले होते. दार उघडायचं की नाही, यावर त्यांनी मानही हलवली होती.

"दोन शब्दांचं काम आहे सर. एवढं तर जमन त्याइले. पण गुहा नाही पाहिजेन. उमरेडची गाडी पाहिजेन."

मी त्यांना शिकवू लागलो. खरं सांगायचं तर मी म्हटलंही होतं, की हे मी तुम्हाला दोन दिवसांत करून देतो. त्यांनी सरळ नकार दिला. "तुम्ही देसान तर ते तुमचं होईन. उद्या ह्याइनं नवाच शब्द काढला तर मी तुमच्या घरी धावत येऊ का?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पोरं पंख्याखालची जागा धरत, कुंदाताई दाराजवळच्या संगणकावर बसत. 'जर' आणि 'नाहीतर' त्यांना पटकन कळलं. अडलं ते मराठी अक्षरांशी. 'गाडी सुरू' असं लिहिलं की गाडी सुरू व्हायची, पण 'सुरु' असं ऱ्हस्व लिहिलं की यंत्राला तो वेगळाच शब्द वाटे. शेवटी एक मोकळी जागा पडली तरी ते अडून बसे. कुंदाताईंना हे अजिबात मान्य नव्हतं. "फोनवर ऱ्हस्व-दीर्घ नसते सर. माणूस 'डाक्टर आहेत का' म्हणते, 'सायेब बसले का' म्हणते, कोणी नुसतं रडते. आपल्याले तर लाइन जोडाचीच आहे ना?" मग त्या एकेका शब्दाची भावंडं लिहीत बसल्या. सुरू, सुरु, चालू, चाल, स्टार्ट, हाण. ही सगळी एकाच कामाला लावायची कशी, हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा समजून घेतलं. घरी जाऊन मोडलं, दुसऱ्या दिवशी परत विचारलं.

पहिला खेळ तयार झाला आणि त्या आनंदाने घरी घेऊन गेल्या. दादारावांनी बोलायचं, यांनी जसंच्या तसं टाइप करायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि संगणक न लावताच बसल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डबा म्हणाले. मी डबा लिहिलं. मशीननं म्हटलं, समजलं नाही. मंग भाकर म्हणाले. समजलं नाही. तिसऱ्या खेपेले त्याइनं खुर्ची भिंतीकडे फिरवली."

'समजलं नाही' ही ओळ माझी होती. मी फळ्यावर नमुना म्हणून लिहून दिली होती, आणि क्लासमधल्या प्रत्येकाने ती तशीच उतरवली होती.

"सर, आजारी पडल्यापासून हे एकच ऐकून राहिले ते. शेजारी तेच म्हणते, पोरगा फोनवर तेच म्हणते. आता मशीनही तेच म्हणन? ही ओळ पुसाची आहे."

"पण ताई, प्रोग्रामला खरंच कळलं नाही तर त्यानं काय म्हणायचं?"

त्यांनी ती ओळ पुसली आणि टाइप केलं, 'बोला ड्रायव्हर साहेब, ऐकून राहिली मी.'

पण एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना त्या भिंतीकडे फिरलेल्या खुर्चीची धास्ती बसली होती. त्यांनी सगळी दारं मोकळी करून टाकली. दादाराव काहीही बोलले तरी गाडी सुरू होणार, काहीही बोलले तरी पुढचा थांबा येणार. मलाही ते बरं वाटलं. आजारी माणूस, जरा खूश होईल.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दादाराव अंगाने धिप्पाड, इस्त्रीचा शर्ट घातलेला, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला. कुंदाताई वाचू लागल्या, "तुम्ही डेपोत उभे आहात. समोर उमरेड गाडी. काय करता?"

त्यांनी बराच वेळ घेतला. ओठ हलले. मग आलं ते, "खिडकी."

कुंदाताईंनी लिहिलं. पडद्यावर आलं, 'शाब्बास! गाडी सुरू झाली.'

दादारावांनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. पुढचा प्रश्न आला. या खेपेला ते मुळीच थांबले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाहत मुद्दाम म्हणाले, "खिडकी." गाडी वळली. पुन्हा, "खिडकी." दिघोरीचा थांबा आला.

त्यांनी डावी मूठ टेबलावर आपटली. चहाचे कप उडाले. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि शब्द बाहेर आला.

"खोटं!"

तो शब्द अगदी स्वच्छ होता, आणि नेमका जिथे पडायला हवा होता तिथे पडला होता. मला वाटलं, आता कुंदाताई रडतील. त्यांनी पदराने टेबलावरचा चहा पुसला आणि हसून म्हणाल्या, "हाव, खोटंच आहे. चुकलं माझं. उद्या खरी गाडी आणीन तुमच्यासाठी."

जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "पाहिलं ना सर? सारी जिंदगी गाडी चालवली त्याइनं. कोणी काहीबी म्हटलं अन् गाडी चालली, तर त्याले अपमानच आहे तो." आणि मग ठामपणे, "सोपं नाही कराचं. कठीण ठेवाचं, पण हाकलाचं नाही."

त्यांनी खेळ पहिल्यापासून लिहायला घेतला. आता गाडी योग्य शब्दाशिवाय हलत नव्हती, पण खेळ तोंड फिरवतही नव्हता. पहिल्यांदा चुकलं तर सांगायचा, चावी तुमच्या हातात आहे. पुन्हा चुकलं तर, इंजिनाला काय करता? तरीही नाही आलं तर शब्दाचं पहिलं अक्षर द्यायचा आणि थांबायचा. घाई नव्हती. मागे कंडक्टर दोनदा घंटी वाजवायचा, सकाळचे कोळसाखाणीत जाणारे प्रवासी चढायचे, एक म्हातारी रोज सुट्टे पैसे नाहीत म्हणून भांडायची. ही माणसं दादारावांनी पूर्वी घरी येऊन सांगितलेली होती. आता कुंदाताई ती त्यांना परत सांगत होत्या.

'सुरू' यायला कित्येक दिवस गेले. मग 'थांबव' आलं. मग 'हॉर्न'. कधी चार दिवस काहीच येत नसे, आणि कुंदाताई दाराजवळच्या संगणकावर बसून इशारे बदलत राहत. उपचाराच्या मॅडमनीही पत्ते बाजूला ठेवून हा खेळ घ्यायला सुरुवात केली.

एकदा त्या जिना चढतानाच हसत होत्या. "सर, माझी फजिती झाली! दिघोरीनंतर मी सीधं पाचगाव टाकलं. तर म्हणे कसे, नाही. विहीरगाव. विहीरगाव... मधात." त्यांनी ते शब्द दादारावांसारखे थांबत थांबत म्हणून दाखवले.

"तुम्ही मुद्दाम गाळलं होतं का?"

"नाही ना बाप्पा! खरंच विसरली होती."

खेळातली गाडी पाचगावच्या पुढे निघायची होती तेव्हा दादारावांना दुसरा झटका आला. धंतोलीतल्या दवाखान्यात दोन दिवस होते, तिथेच गेले. अंत्ययात्रेला एसटीतली जुनी माणसं मोठ्या संख्येने आली होती. घरात बुद्धवंदना झाली. कुंदाताई सगळ्यांना पाणी विचारत होत्या.

मला वाटलं, त्या आता क्लासला येणार नाहीत. पण काही दिवसांनी त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या. मी जवळ जाऊन म्हटलं, ताई, थोडा आराम करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाचगावले उभी आहे गाडी. पॅसेंजर बसले आहेत. मधातच सोडू का?" आणि त्यांनी चांपा लिहिलं, पुढचे थांबे लिहिले, उमरेडचं स्टँड लिहिलं. त्या काळात त्यांचे डोळे पुष्कळदा भरून येत. त्या चष्मा काढत, पुसत आणि पुढची ओळ लिहीत.

त्यानंतर वर्षभराने मी क्लास बंद केला. पुण्याला नोकरी मिळाली होती. निरोप घ्यायला म्हणून कुंदाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, धंतोलीत या, मी वाचा-उपचाराच्या मॅडमकडे आहे. खापा गावची एक बाई त्यांच्यासमोर बसली होती. चाळिशीची, अंगाने दणकट, पण नजर जमिनीत. तिची वाचा अशीच गेली होती. सोबत सून होती. त्या बाईची खाप्याला तर्री-पोह्यांची गाडी होती, म्हणून कुंदाताईंनी तिच्यासाठी नवा खेळ लिहिला होता. त्यात एसटी नव्हती. कढई होती, शेगडी होती, सकाळचं गिऱ्हाईक होतं.

कुंदाताईंनी वाचलं, "एक माणूस आला. म्हणते, बाई, तर्री लय तिखट आहे तुमची. आता काय करता?"

उत्तर ठरलेलं होतं. 'कमी टाक' म्हणायचं, किंवा 'शेव टाक'. सून तिच्या कानाशी काही सांगू लागली, तिला कुंदाताईंनी हाताने थांबवलं. त्या बाईची मान हळूहळू वर आली. कपाळावर आठ्या चढल्या.

"नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. "असंच... खा. नाहीतं... जाय!"

सून तोंडावर पदर धरून हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. कुंदाताईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि बटण दाबलं. हे उत्तर खेळात लिहिलेलंच नव्हतं, म्हणून त्याने नुसता पहिला इशारा दाखवला.

मी म्हटलं, "ताई, निघतो मी. गाडीची वेळ झाली."

"थांबा सर एक मिनिट," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, प्रोग्राम उघडला आणि त्या बाईकडे वळून विचारलं, "मंग? गेला का तो, का बसला खात?"