लोखंडी झाडाशेजारचा निंब

लाखनीत आमच्या घरासमोरच्या सार्वजनिक बागेत लोखंडाचं भलंमोठं शोभेचं झाड उभं करायला क्रेन आली, तेव्हा मी दिवसभर फाटकाशीच उभा होतो. शेजारच्या जुन्या कडुनिंबाच्या एका फांदीत क्रेनची साखळी सारखी अडकत होती. ठेकेदार स्वतःहूनच म्हणाला, "निंबाले हात नाही लावत आमी, काकाजी." मी विचारलंही नव्हतं, मग हा काहून बोलला? काम अर्धवट ठेवून ते गेले. संध्याकाळी बायकोनं निंबाच्या बुंध्याला शेंदूर फासला, उदबत्ती लावली. आता देवावर कोण कुऱ्हाड चालवतो, ते बघतोच म्हटलं. सकाळी ठेकेदार आला. त्यानं चपला काढून निंबाला हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत. ते त्या फांदीवरच होते.