नऊशे नव्याण्णवच्या पुढे

उंदरांचा खेळ मी दसऱ्याच्या तोंडावर संपवला. त्याआधी घाटातल्या गाडीचा संपवला होता, आणि त्याच्याही आधी दोरीवरच्या कपड्यांचा. तिन्ही व्हिडिओ गेम आमच्याच घरात आहेत आणि ते शेवटपर्यंत खेळलेली या घरात मी एकटी. हे तोंडाने सांगायला गेले तर माझा आवाज माझ्याच पदरात अडकतो. कागदाची मला लाज वाटत नाही. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

खेळ आणले माझ्या धाकट्या दिरांनी. ते आखातात कामाला असतात आणि गणपतीत येताना सेंटच्या बाटल्या, मऊ चादरी आणि दरवेळी एक नवा खेळ आणतात. तळहाताएवढी चपटी डबी, मध्ये काच, दोन बाजूंना दोन बटणं. काचेत काळी चित्रं टिकटिक करत हलतात. "पोरांना आणलाय," असं दीर म्हणतात. आमच्याकडे पोरं म्हणजे चाळिशीच्या आतबाहेरचे सगळे पुरुष. ते पडवीत गोल करून बसतात आणि डबी या हातातून त्या हातात फिरते. खऱ्या पोरांच्या वाट्याला टिकटिक ऐकणं येतं, आणि माझ्या वाट्याला चहा.

पहिल्या खेळात एक टोपीवाला गडी दोरीखाली उभा असतो. ढगातून थेंब सुटतो आणि तो पडायच्या आत कपडा ओढून घ्यायचा असतो. मी बघितलं तेव्हा वाटलं, एवढ्यासाठी विमानात बसायची काय गरज होती? आमच्या परसात हा खेळ आषाढभर चालतो. फरक इतकाच, की काचेत एक कपडा वाचला की आकडा एकने वाढतो. मी लग्न होऊन आल्यापासून किती कपडे वाचवले, त्याचा आकडा कुणी लावलेला नाही. काचेत तीन कपडे भिजले की खेळ संपतो. आमच्याकडे तीन कपडे भिजले की सुरू होतो. शिवाय तो टोपीवाला काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत नाही, त्यावरून खेळ कुणी बनवला असेल ते मला लगेच कळलं.

दुसरा खेळ घाटाचा. गाडी वर चढते, वरून दगड येतात, ते चुकवायचे. पडवीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा आंबेनळी घाटच आहे. आमचे हे तो खेळताना वळणाच्या बाजूला सगळं अंग झुकवतात आणि उजवा पाय जमिनीवर दाबून ब्रेक मारतात. खेळ चांगला आहे, पण खोटा आहे. त्या घाटात कुणी ओकत नाही. कंडक्टर सुट्ट्यावरून कुणाशी भांडत नाही. दगड लागला तर गाडी पुसली जाते आणि खालून लगेच दुसरी नवी मिळते. आमच्याकडे दरड आली की महाबळेश्वरची एसटी पोलादपूरला उभी राहते आणि उतारू चहा पिऊन पिऊन हॉटेलवाल्याला बंगला बांधून देतात.

मी खेळते दुपारी. हे बिरवाडीकडच्या कारखान्यात कामाला जातात, मुलं शाळेत असतात आणि सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, माजघरात तांदूळ निवडत बसतात. पुरुष खेळतात तेव्हा आरडाओरडा करतात, दिसेल ते बटण दाबतात आणि हरले की सेल उतरलाय म्हणतात. मी गप्प बसून खेळते. गप्प बसण्याची मला सवय आहे.

पहिला खेळ मी संपवला तेव्हा मला कळलंच नाही की संपवला. आकडा नऊशे नव्याण्णव झाला आणि पुढच्या कपड्याला एकदम शून्य. काचेत चौथ्या आकड्याला जागाच नाही, हे मला काय ठाऊक. वाटलं, परदेशी वस्तू मोडली. मी बटणांवरून बोटं काढली, तीन कपडे भिजले, आणि काचेवर शून्य तसंच राहिलं. संध्याकाळी ह्यांनी डबी उघडली.

"कोणी हात लावलेला?"

"मी," मी म्हटलं.

"शून्यावर आउट? एक बी कपडा नाय? अगो, येत नाय तर कशाला घ्यायचं हातात."

दुसऱ्या खेळातही तसंच झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. या खेळांचा शेवट हाच. सगळं करून झालं की शून्य, आणि काहीच केलं नाही तरी शून्य. बनवणाऱ्याने घडी घातली नाही खरी, पण बाकीचं घरकाम त्याने नीट बघितलेलं असणार.

त्या दिवशी मी धीर करून ह्यांना सांगितलं, "अहो, नऊशे नव्याण्णव झाले की पुढं शून्य येतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच केले."

हे हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. रविवारी ही गोष्ट पडवीत गेली. तिथे आमचे चुलत दीर होते. ते महाडला कचेरीत कारकून आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर सही केल्यासारखं बोलतात.

"वहिनी," ते दाराकडे बघून म्हणाले, "शून्य तर आमाला पण येतं. त्याच्यासाठी नऊशे नव्याण्णव कशाला करायला पाहिजेत?"

मी दाराआड चहा घेऊन उभी होते. सगळे हसले, आणि मग तो ठरलेलाच विनोद झाला. कुणी आलं, डबी निघाली, की चुलत दीर विचारणार, "वहिनींचा स्कोर काय?" आणि हे म्हणणार, "शून्य." मग चहा. साखर कमी पडली तरी चालायचं, पण हे दोन शब्द पडल्याशिवाय चहा कुणाला गोड लागत नसे.

मला बक्षीस नको होतं. एका माणसाने त्या तीन आकड्यांकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि बघितलं म्हणून सांगावं, एवढंच मला हवं होतं. ते आकडे टिकतात एक टिकटिक.

या गणपतीत तिसरा खेळ आला, उंदरांचा. स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंना फळ्या, मध्ये काठी घेतलेला माणूस. उंदीर गुळाची ढेप घेऊन पळतात, त्यांना हाणायचं. कोपऱ्यात एक मांजर आहे. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपलेलं असतं आणि कुठल्याच बटणाने उठत नाही. ते बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. ह्यांचे या खेळात सहाशे साठ झाले. तेव्हा त्यांनी पडवीच्या खांबावर खडूने ते इंग्रजी आकड्यांत लिहिले आणि खांब पुसायचा नाही असं मला बजावलं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी माझा हात चांगला बसला. नऊशेच्या पुढे गेल्यावर मी हाक मारली.

"आत्याबाई, जरा इकडं या. हे बघा."

त्या सूप घेऊनच आल्या. "काय बघू? उंदीर?"

"उंदरांकडं नका बघू. वरच्या आकड्याकडं बघा."

"माला कुठं वाचता येतं गो."

"वाचू नका. तीन एकसारखे आले की सांगा."

पण त्यांचं लक्ष उंदरांकडेच. "अगो डावीकडं. डावीकडं बघ, मेला ढेप नेतोय. मार त्याला." तांदूळ राहिले बाजूला. मी घामाघूम झाले. मग त्यांचं बोट काचेवर आलं.

"झाली गो. तीन सारखी. वर डोकं नि खाली शेपूट, अशी तीन."

पुढचा उंदीर मारला आणि शून्य आलं.

"आता आंडं आलं," आत्याबाई म्हणाल्या. "बाकीची कुठं गेली?"

"संपला खेळ."

"संपला नि आंडं दिलं?"

"हो."

त्यांनी सूप उचललं. "मेल्यांनी उंदीर मारायला लावले नि दिलं काय, तर आंडं," असं पुटपुटत त्या पुन्हा तांदळाकडे गेल्या.

संध्याकाळी ह्यांनी डबी उघडली. "परत शून्य." मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या भाकरी कुस्करत होत्या. त्यांना भाकरी गरम लागते आणि जेवताना बोललेलं खपत नाही. मला वाटलं, गेलं तेही. एक साक्षीदार मिळाला तो भाकरीत गुंतला.

दसऱ्याला आमच्याकडे पडवीत पाटावर हत्यारं मांडतात. कोयता, पहार, विळी, ह्यांचे कारखान्यातले पाने, आणि चुलत दीर सोनं द्यायला आले की खिशातलं पेनही ठेवतात. ज्याचं हत्यार त्याने पुजायचं, ही आमच्या घरची रीत. विळी माझी. पण पडवीत पुरुष असतात म्हणून ती मी आधी आतच पुजते आणि मग ती बाहेर जाते.

या वेळी आत्याबाईंनी कोयत्याच्या शेजारी उंदरांची डबी नेऊन ठेवली.

"आये, ते कशाला?" हे म्हणाले. "ते काय हत्यार हाय?"

"उंदीर मारतात ना त्यानं?"

चुलत दीर हसले. "ठेवू दे रे. वर्षाचा उंदरांचा त्रास जाईल."

हे हसत हसत हळदीच्या वाटीकडे वळले. आत्याबाईंनी वाटी उचलून घेतली.

"तू नको. ज्याचं हाय त्यानं पुजायचं."

"माझंच हाय की. हे खांबावर काय लिवलंय?"

"तुझं तेवढंच. हिची तीन शेपटं झाली. मी बघितली."

"कसली शेपटं?"

"एकसारखी तीन. मंग आंडं आलं."

चुलत दीर कारकूनच. त्यांनी ओल्या बोटाने पाटावर आकडे काढून बघितले. "काकी, सहा असतील ते. सहाशे सहासष्ट. म्हंजे ह्याच्याहून सहा जास्त, एवढंच."

आत्याबाई उठल्या आणि खांबाजवळ गेल्या. त्यांनी सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्याचं शेपूट वर हाय. तिची खाली होती. माला वाचता येत नाय, पण वर-खाली कळतं."

चुलत दिरांनी पाटावरचे सहा पुसले आणि बोटाने उलटे काढले. मग त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी खांबाकडे.

"ये गो भायेर," आत्याबाईंनी मला हाक मारली. "पूज तुझं."

मी उंबरा ओलांडला. पुरुषांसमोर पडवीत बसून मी कधी काही पुजलेलं नव्हतं. चिमूट कुठली आणि मूठ कुठली ते कळेना. हळद पडली, कुंकू पडलं, त्यावर पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं.

"वहिनी, बटणावर नको," चुलत दीर म्हणाले, पण तोवर सगळं बटणावरच झालं होतं.

"सढळ हातानं होऊ दे," आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हापासून डावं बटण दबलेलं आहे ते वर येत नाही. मी केसातला आकडा घालून बघितला, ह्यांनी कारखान्यातलं तेल आणून सोडलं. उजवीकडचे उंदीर मरतात, डावीकडचे निवांत ढेप घेऊन जातात, मांजर झोपलेलंच आहे. आता त्या डबीवर कुणालाच आठ-दहाच्या पुढे जाता येत नाही. खांबावरचे सहाशे साठ अजून आहेत, कारण पुसायचे नाहीत असं मला सांगितलेलं आहे.

पडवीत माणसं अजून येतात आणि डबी मागतात. चुलत दीर स्कोर विचारत नाहीत. आमचे हेच आपणहून सांगतात, "तो बंद पडलाय. आमच्या हिनं पार शेवटपर्यंत नेऊन संपवला." म्हणण्यात तक्रार असते की आणखी काही, ते मला अजून कळलेलं नाही. मी चहा घेऊन दाराआड उभी असते. त्यांचं ते वाक्य पुरतं बोलून होईपर्यंत मी बाहेर जात नाही. चहा थोडा निवतो. त्याबद्दल अजून कुणी काही म्हटलेलं नाही.