बेलबॉटमच्या आतला फॉल

माझी शाळा चौथीपर्यंत. मग हातात कात्री आली. लिहिण्यात चुका असतील, कापडात नसतात, असं पूर्वी छाती काढून म्हणायचो. आता म्हणत नाही. का ते सांगतो.

ऐंशीच्या सुमारास कल्याणात आमचं शिलाईचं दुकान होतं. एक खोली, मधे पडदा. पुढे मी माप घ्यायचो, कापायचो. पडद्यामागे आमची ही मशीनवर. मुंबईत बेलबॉटम जुनी होत आलेली, पण इकडची पोरं सोडायला तयार नव्हती. घेर एवढा की बूट दिसायचा नाही. आणि रस्ते कल्याणचे. पंधरा दिवसांत टाचेकडचं कापड घासून दशा लोंबायच्या, की पोरं भांडायला हजर.

एकदा ही आतून म्हणाली, "चपलेला नाल मारतात ना? मग पँटलाही मारा की काहीतरी."

डब्यात एक बिघडलेली पितळी चेन पडून होती. हिने तिचे दोन भाग केले आणि टाचेमागे, घेराच्या काठाला शिवून टाकले. दात जमिनीकडे. घासायचं ते पितळ घासेल, कापड वाचेल. पोरगं चालायला लागलं की खर्र खर्र. आठवड्याभरात दुकानात गर्दी.

कोणीतरी विचारलं, "मास्तर, डोकं कोणाचं?"

मी म्हटलं, "आपलंच."

मागे मशीन थांबली. मग परत सुरू झाली. 

पुढे बेलबॉटम गेली, बॅगी आली, रेडिमेड आलं. नव्वदी संपत आली तेव्हा ही गेली. दुकानात मी बसायचो, उठायचो, स्टेशनच्या पुलावर चक्कर मारून परत यायचो. पडदा तसाच होता. मागे मशीनवर धूळ.

अशात एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून सात-आठ माणसं जुन्या स्कूटरवर आली. सगळ्यांच्या अंगात बेलबॉटम. बाहेर तमाशा बघायला लोक जमले. पुढचा म्हणाला, "मास्तर, ओळखलंत का?"

"कंबर नाही ओळखली. तेव्हा अठ्ठावीस होती."

सगळे हसले. हा आता बँकेत होता. त्यांनी मंडळ काढलं होतं, बेलबॉटमवाल्यांचं. दर रविवारी एकत्र फिरायचं, जुने दिवस जागवायचे. मी त्यांच्या पँटी बघितल्या. ठाण्याच्या कुठल्याशा टेलरने चमकती चेन कमरेपासून खाली, बाजूच्या शिवणीवर लावलेली.

"ही इथे कशाला?"

"स्टाइल होती ना, मास्तर? फॉरेनची."

"फॉरेन कसलं? कापड फाटायचं म्हणून लावायची. खाली, टाचेला."

"मग तशी करून द्या. पँटी संध्याकाळी आणून टाकतो. पुढच्या रविवारी फोटो काढायचेत."

देतो म्हटलं. तिथेच चुकलं. मी कापणारा. चेन शिवायची ती. तीन दिवस बसलो. शिवली की काठ गोळा होऊन वर वळायचा, कुत्र्याच्या शेपटीसारखा. उसवायचो, पुन्हा शिवायचो, उठून पुलावर जायचो. हिला विचारावंसं वाटायचं, आणि मग आठवायचं.

ट्रंकेत माझी स्वतःची एक पँट होती. हिने शिवलेली. हिच्या साड्या मी बहिणींना वाटून टाकल्या होत्या, तेव्हा हिच्या हातचं एवढंच उरलं होतं. ती उसवली तर कळलं असतं. पण उसवलेला टाका परत हिच्या हातचा होणार होता का? शुक्रवारपर्यंत ती पँट दहादा बाहेर काढली, दहादा आत ठेवली.

शनिवारी ब्लेड घेतलं. फक्त उजवा पाय, असं ठरवलं.

काठाच्या घडीतून फॉल निघाला. साडीचा फॉल. विटलेला, जांभळा. चेनीला आतून धरायला तो घातलेला, म्हणून काठ वळत नव्हता.

मी हिला किती बोललो होतो! "शिंप्याची बायको आणि साडीला फॉल नाही, लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "लोकांना तुमच्या पँटी बघू द्या. माझ्या साडीकडे कोण बघतंय?"

बाजारातून फॉल आणला. रात्र व्हायच्या आत सगळ्या पँटी झाल्या. काठ सरळ.

रविवारी बँकवाला घालून चालून बघायला लागला. खर्र खर्र. खूश झाला. "मास्तर, डोकं अजून चालतं तुमचं!"

"माझं कधीच नव्हतं. आमच्या हिचं. शिवायचीही तीच."

तो थांबला. "वहिनी शिवायच्या? मी पाच वर्षं येत होतो. एकदाही दिसल्या नाहीत."

"पडदा होता. मीच लावलेला."

त्याने बाकीच्यांना हाका मारून सांगितलं, "अरे, चेन वहिनींची होती." एकाने "हो का?" म्हटलं आणि केस विंचरायला लागला. फोटोसाठी मला मधे उभं करायला लागले. मी पुढे केली ती पँट, एक पाय उसवलेला, एक तिच्या टाक्यांचा. म्हटलं, "ही धरा मधे."

जाताना एकजण स्कूटरवरून ओरडला, "मास्तर, आतलं ते कापड काढा पुढच्या वेळी. पाय जड वाटतो."

"वाटू दे," मी ओरडलो. "फॉल निघणार नाही."